शनिवारचं पीठ

"पण ताई, यातून भेटते काय?"

हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशी विचारला तेव्हा माझ्या हातात मैद्याची चाळणी होती. समोर सतरंजीवर सोळा-सतरा बायका वह्या उघडून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे, दाराजवळच्या स्टुलावर, पांढरा बुशशर्ट घातलेला आणि मांडीवर कापडी पिशवी धरून बसलेला हा एकटा पुरुष. मी म्हटलं, "केक मिळतो." बायका हसल्या. ते हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढून मागे लावलं आणि म्हणाले, "तो तर दिसूनच राहिला. पण खानाऱ्याले भेटते काय?"

आमच्या सदाशिव पेठेत वस्तू मिळतात आणि माणसं भेटतात. हे मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. त्यांनी मान डोलावली, बहुधा वहीतही लिहून घेतलं, आणि पुढे 'भेटते काय' म्हणतच राहिले.

मला त्यांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. नंतर जे झालं त्यामुळे तो राग नव्हताच असं म्हणण्याचा मोह होतो, पण होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. सभ्य, वेळेवर येणारा, फी आगाऊ भरणारा, आणि तरी दारात दिसला की आपण घड्याळाकडे बघतो. आपण एक शिकवायला बसलेलो असतो आणि त्याला दुसरंच शिकायचं असतं.

ते दिवसही चिडचिडीचेच होते. नवऱ्याच्या कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली होती. तिच्यातली स्वेच्छा कोणाची होती ते कंपनीलाच ठाऊक. नवरा सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी बसला, मुलगी दहावीला, आणि मी आतापर्यंत हौस म्हणून चालवलेला बेकिंगचा क्लास एकदम संसाराचा खांब झाला. त्यात शहरात कॉम्प्युटरवाल्या कंपन्या उगवत होत्या आणि तिथली मुलं ऑफिसात एकमेकांचे वाढदिवस करायला लागली होती. त्यामुळे केकच्या ऑर्डरी येत, त्याही आदल्या दिवशी संध्याकाळी. माझ्याकडे एक ओव्हन, दोन हात आणि वर हे काका. बायकांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात 'काका' करून टाकलं होतं.

काका मूळचे यवतमाळकडचे. तिथल्या कुठल्याशा शेतकी कॉलेजात मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत जन्मभर सहायक होते. शेतकरी रुमालात बांधून माती आणणार, हे ती वाळवून, चाळून, तोलून तिच्यात नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती ते काढणार आणि कागदावर लिहून देणार. निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना आणि त्यांच्या बायकोला बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. मुलगा आणि सून दोघंही आयटीत. कंपनीची बस सकाळी सातला न्यायची आणि रात्री कधीतरी आणून सोडायची.

दुसऱ्या तासाला त्यांनी पिशवीतून सोनारांकडे असतो तसला छोटा तराजू काढला. पितळी पारडी, डबीत वजनं. मी 'एक वाटी मैदा, पाऊण वाटी साखर' असं सांगत होते आणि हे मागे बसून विचारतात, "वाटी कोनती?"

"आपली नेहमीची आमटीची वाटी."

"कोनाच्या घरची?"

मग त्यांनी सगळ्या क्लाससमोर माझी वाटी मागून घेतली. तिच्यात मैदा भरून तोलला, मग कणीक भरून तोलली, मग दाबून भरली आणि परत तोलली. तिन्ही वेळा वजन वेगळं. वाटी तीच. "पाहा," ते बायकांना म्हणाले, "वाटीनं तुलना केली तर मैदा अन् कनीक बरोबरीचे वाटते. आधी वजन सारखं करा, मंग इचारा कोन भारी हाय." अर्धा तास त्यात गेला आणि माझा स्पंज केक त्या दिवशी बसला.

हे असं प्रत्येक जिन्नसाचं. मैदा म्हणजे कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला गहू, तेव्हा जे द्यायचं ते गिरणीतच राहून गेलं. कणीक बरी, पण मी ती दोनदा चाळते आणि कोंडा कुंडीत टाकते, म्हणजे तीही मैद्याच्याच वाटेवर. नाचणीत कॅल्शियम, पण ती एकटी फुगत नाही. सोयाबीनच्या पिठात प्रथिनं सगळ्यांत जास्त, पण वास. गुळात लोह असतं असं बायका अभिमानाने सांगायच्या. त्यावर हे म्हणायचे की असतं, पण ते पुरं पडायला किती गूळ खावा लागेल तेही सांगा. लोण्यात पाणी असतं, म्हणून तेवढ्याच वजनाचं तूप जास्त ताकद देतं. वनस्पती तुपाबद्दल त्यांनी फक्त हात हलवला. आणि सोडा? सोडा मी चिमूटभर घातला तेव्हा ते पुढे वाकून बघत होते. "म्हंजे हा फुगवनारा," ते म्हणाले, "देनारा नाई."

चौथ्या की पाचव्या तासाला माझा संयम संपला. मी म्हटलं, काका, हा केकचा क्लास आहे, शेतकी खात्याचं कार्यालय नाही. पौष्टिक खायचं असेल त्याने घरी वरणभात खावा. केक माणूस जिभेसाठी खातो.

ते वहीत लिहीत राहिले. तास संपून बायका गेल्यावर मात्र थांबले. पिशवीची गाठ बांधत, सोडत म्हणाले, "घरचे लोक वरनभात खात असते तर मी कशाले आलो असतो, ताई?"

तेव्हा मला त्यांच्या बायकोबद्दल कळलं. तिला विस्मरणाचा आजार होता. माणसं विसरून झाली, गाव विसरून झालं आणि आता ती खाणं विसरत होती. भाताचा घास पुढे केला की ओठ मिटून घ्यायची. पोळी हातात दिली तर चुरगाळून पदरात बांधायची. महिन्या-महिन्याला वजन उतरत होतं. असं असताना नातेवाइकांकडच्या कुठल्याशा वाढदिवसाला तिने पुढ्यात आलेला केकचा तुकडा खाल्ला. सगळा खाल्ला आणि बोटं चाटली. त्यानंतर तिच्या तोंडात दूध आणि केक सोडून काही जात नव्हतं.

"आता एकच रस्ता उघडा हाय," ते म्हणाले. "जे धाडाचं ते त्याच रस्त्यानं धाडा लागते."

झाडाला जे कमी पडतं ते मातीतून द्यायचं, एवढंच त्या माणसाला येत होतं आणि तेच ते करायला निघाले होते. मी खजील झाले. खजील झालेलं माणूस नको ते कबूल करून बसतं. त्यांच्या घरी मायक्रोवेव्ह होता, पण त्यात केलेला केक रबरासारखा व्हायचा. तेव्हा मी म्हटलं, दर शनिवारी सकाळी तुमचं पीठ आणून द्या, मी भाजून ठेवते, संध्याकाळी घेऊन जा.

तिथून माझे शनिवार त्यांच्या ताब्यात गेले. सकाळी नऊला बेल. स्टीलच्या डब्यात तोलून आणलेलं मिश्रण: न चाळलेली कणीक, नाचणी, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचं कूट, तीळ, दुधाची पावडर. वेगळ्या पुडीत किसलेला गूळ. वेगळ्या डबीत तूप. सोबत चिठ्ठी, तिच्यावर प्रत्येक जिन्नसाचं वजन आणि त्यातून काय किती जाणार त्याचा हिशेब. संध्याकाळी मी त्यांना जे द्यायचे त्याला केक म्हणायला माझी जीभ वळत नसे. वीट म्हणा. मधे खड्डा, कडेला भेगा, आणि सुरी घातली की भुगा. रविवारी सकाळी फोन यायचा, "थुंकलं तिनं." एवढंच बोलून ठेवायचे. पुढच्या शनिवारी सोयाबीन कमी, दूध पावडर जास्त. फोन, "थुंकलं." मग तीळ बंद. "थुंकलं."

मी सांगून पाहिलं. थोडा मैदा घ्या, अर्धा तरी. साखर घ्या. नाचणी एकदम कमी करा. पालथ्या घड्यावर पाणी. "अर्धा मैदा म्हंजे अर्धं पोट रिकामं," ते म्हणायचे. तिच्या पोटात जाऊन जाऊन दिवसाला दोन तुकडे जाणार, त्यातली एकही जागा त्यांना नुसत्या फुगवणाऱ्याला द्यायची नव्हती. ते बरोबर होते. मीही बरोबर होते. दोन बरोबर माणसांच्या मधे ती बाई थुंकत होती, आणि मला त्या डब्याच्या झाकणाचा आवाजसुद्धा नकोसा झाला होता.

दिवाळी होऊन गेल्यावरचा एक शनिवार. एका कंपनीची मोठी ऑर्डर होती. चौकोनी केक, वर आयसिंगचा कॉम्प्युटर, माऊससकट. ओव्हन सकाळपासून त्यातच अडकला होता. काकांचं पीठ मी कसंबसं दुपारी लावलं आणि ते नेहमीपेक्षाही वाईट झालं. वर करपलं, आत ओलं राहिलं. सहा वाजता ते यायचे होते. ऑर्डरच्या केकचं थोडं मिश्रण भांड्याच्या तळाशी उरलं होतं. मैदा, साखर, डब्यातलं आटवलेलं गोड दूध. मी त्यात दोन चमचे कोको टाकला, म्हणजे रंगावरून काही कळणार नाही, आणि छोट्या भांड्यात भाजून घेतलं.

हे मी दयेपोटी केलं असं मला नंतर बरेच दिवस वाटत होतं. तसं नव्हतं. घाई होती आणि कंटाळा होता. मी त्यांना म्हटलं, आज थोडा कोको घातलाय, वास झाकायला. बाकी सगळं तुमचंच. त्यांना मधुमेह होता, त्यामुळे ते स्वतः कधी चाखून पाहत नसत. त्यांनी केकला वरून बोट लावलं, तो दबला आणि परत वर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डबा पिशवीत ठेवला.

रविवारी सकाळी फोन. काका म्हणाले, "दोन तुकडे खाल्ले, ताई. मागून खाल्ले."

तेव्हा सांगायला हवं होतं. सोपं होतं. काका, एक गंमत झाली, असं म्हणून सुरुवात करता आली असती. मी म्हटलं, अरे वा.

पुढच्या शनिवारी त्यांनी तेच पीठ त्याच वजनाचं आणलं. "अगदी तसंच करा," म्हणाले. मी तसंच केलं. मैदा, साखर, आटवलेलं दूध, कोको. मग पुढच्या शनिवारी. मग त्याच्या पुढच्या. त्यांचा चेहरा बदलला, चाल बदलली. एकदा क्लासमध्ये माझ्या परवानगीने उभे राहून त्यांनी फळ्यावर तक्ता काढला: नुसत्या मैद्याच्या केकमधून काय भेटते आणि आमच्या केकमधून काय भेटते. 'आमच्या' म्हणताना माझ्याकडे हात केला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तो केक घरी करून पाहिला आणि पुढच्या तासाला तक्रार केली की दगड झाला. काका तिला समजुतीने म्हणाले, वाटीनं मोजलं असेल तुम्ही. मी फळा पुसत होते.

आणि त्यांच्या पिठाचं काय केलं ते विचारा. आमच्याकडे अन्न टाकत नाहीत. कोंड्याचा मांडा करून खाणाऱ्या घरातली मी, एवढं शेंगदाणे-तीळ-दूध पावडरीचं पीठ कचऱ्यात कसं टाकीन? रविवारी मी त्यात कांदा, कोथिंबीर, तिखट घालून थालीपिठं लावायचे. फार सुरेख व्हायची. नवरा निवृत्तीपासून जेवणावर चिडायचा, तो तीन-तीन खायला लागला. मुलीचे गाल भरले. शेजारीण म्हणाली, दहावीचा ताण दिसत नाही हो हिच्यावर. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. खरंच दिसलं नाही. बाई खाते आहे, म्हातारा सुखात आहे आणि पीठही वाया जात नाही, असं मी स्वतःशी जमवून टाकलं होतं.

मग एका शनिवारी सकाळी नऊला बेल वाजली आणि दारात काकांच्या जागी त्यांची सून उभी. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पाठीला लॅपटॉपची बॅग. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. ती म्हणाली, "काकू, या वीकला केक नको. सोमवारी आईंना ॲडमिट करतोय, टेस्टच्या आधी फास्टिंग आहे."

मी विचारलं, कसली टेस्ट. तिने दारातच सांगितलं. आईंचं वजन अजून उतरतंय, रक्तही कमी झालंय. डॉक्टर आधी म्हणाले होते की खाणं कमी पडतंय, नाकातून नळी घालून काही दिवस ताकद भरून काढू. पण बाबांनी त्यांच्यापुढे वही ठेवली. दोन महिन्यांची, रोज किती प्रथिनं गेली, किती लोह गेलं, सगळं लिहिलेलं. डॉक्टरांनी ती वाचली आणि म्हणाले, एवढं पोटात जाऊनही अंगी लागत नसेल तर आतड्यात काहीतरी असणार. दुर्बीण घालून बघावं लागेल, तुकडा काढून तपासायला लागेल.

"त्या किती घाबरतात माहितीये?" ती म्हणाली. "ब्लड घ्यायलासुद्धा चौघं लागतात. आणि बाबांचं एकच चाललंय. आकडे बरोबर हायेत, मंग ती वाळून काऊन राहिली?" सासऱ्याची नक्कल करता करता तिचा आवाज फुटला. तिने तोंड फिरवलं आणि जिना उतरून गेली.

मी ओव्हन बंद केला. त्या दिवशीच्या दोन ऑर्डरी होत्या, त्या तशाच राहिल्या. मोपेड काढून बिबवेवाडीला गेले. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्याचा शेवट 'पण माझाही नाइलाज होता' असा होत होता.

काका जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले होते. खिडकीजवळच्या खुर्चीत त्यांची बायको, शालीत गुंडाळलेली. मी तिलाही पहिल्यांदाच पाहत होते. मोठं माणूस इतकं लहान झालेलं मी पाहिलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघून ओळखीचं हसू केलं, तसं ती सगळ्यांनाच करत असावी.

"काका," मी उभ्याउभ्याच म्हटलं, "तो केक तुमच्या पिठाचा नव्हता."

"मंग कशाचा?"

"मैद्याचा. साखर आणि डब्यातलं दूध."

"सगळा?"

"सगळा."

त्यांनी वहीची पानं मागे उलटायला सुरुवात केली. बोटाला थुंकी लावून, एकेक. "कोनत्या शनिवारपासून?" मी सांगितलं. त्यांनी मोजलं. आठ शनिवार. मी रागाच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत उभी राहिले. मला तो हवा होता. त्याच्यावर रडायची माझी सगळी तयारी होती.

"माझं पीठ काय केलं?" त्यांनी विचारलं.

हे मी जुळवलेल्या वाक्यांत नव्हतं. मी खरं ते सांगितलं. आम्ही खाल्लं. थालीपिठं लावून.

"पोरीनं खाल्लं?"

"हो."

"दहावीले हाय ना ती," ते म्हणाले. "मंग वाया नाई गेलं."

मी आजवर अनेकांची बोलणी खाल्ली आहेत. सासूची, सोसायटीच्या चेअरमनची, ऑर्डर उशिरा दिली म्हणून विशी-बाविशीच्या पोरांची. त्यांतलं एकही या वाक्याएवढं लागलेलं नाही. मी म्हटलं, काका, रागवा तरी. त्यांनी ऐकलं नसावं, किंवा त्यांना त्यासाठी वेळ नव्हता. त्यांनी पेन उघडलं होतं. मैदा किती घालत होतात? मी सांगितलं, दीड वाटी. लगेच मान वर झाली. वाटी कोनती? मला तिचं वजन आठवत नव्हतं, आणि त्यांनी तेव्हा तोललेलं कुठल्या पानावर लिहिलं ते त्यांना सापडेना. मी परत पेठेत आले, माझी वाटी, मैद्याचा डबा, साखर आणि कोको घेऊन पुन्हा बिबवेवाडीला गेले. त्यांनी ते सगळं माझ्यासमोर तोललं आणि आठही आठवड्यांचे आकडे खोडून नवे लिहिले. जुन्या आणि नव्या आकड्यांतली तफावत मला वाचून दाखवली नाही. मला उलटं दिसत होतं.

मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. मी समोरच बसले होते. माझं नाव येणार म्हणून मी पदर सारखा केला.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "माझे आकडे चुकले. आतड्यात काही नाई तिच्या. ती उपाशी हाय."

एवढंच. कोणी चुकवले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि फोन हातात घेऊन मीही सांगितलं नाही.

ती तपासणी रद्द झाली. नळी घातली गेली आणि महिनाभरात तिचं वजन थोडं वर आलं, रक्त सुधारलं. सुनेने मला फोनवर आभारसुद्धा मानले, काकूंनी वेळेवर लक्षात आणून दिलं म्हणून. काकांनी घरात असं सांगितलं होतं. मी "असू दे" म्हटलं. माझ्या भित्रेपणाचा मला जितका संताप येतो तितका आयुष्यात दुसऱ्या कशाचा येत नाही, आणि त्यांच्या चांगुलपणाचाही येतो. माणसाने समोरच्याला एकदा तरी बोलून मोकळं करावं. त्यांनी मला ते दिलं नाही.

उन्हाळ्यात ती गेली. झोपेत गेली, नळीसकट. तेरावा झाल्यावर मी भेटायला गेले. काका गावी परत जायच्या तयारीत होते. पेट्या भरलेल्या, मुलगा-सून कामावर. खिडकीजवळची खुर्ची आता भिंतीला लावलेली होती. मी म्हटलं, काका, तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. त्या दोन महिन्यांत तिच्या पोटात माझ्यामुळे काही गेलं नाही.

ते उठले, एका पेटीतून वही काढली, पान शोधलं आणि माझ्यासमोर उघडी ठेवून चहा टाकायला आत गेले.

नळीच्या दिवसांची पानं आधी लागली. प्रथिनं, लोह, कॅल्शियम, सगळे रकाने भरलेले, आकडे चांगले. उजवीकडे शेऱ्याचा एक रकाना होता, तो पानामागून पान कोरा. मी मागे गेले. दिवाळीच्या आधीचे शनिवार होते. तिथे शेऱ्यात रोज एकच शब्द: थुंकलं, थुंकलं, थुंकलं. आणि मधे ते आठ आठवडे. डावीकडचे आकडे खोडलेले, त्यांच्यावर नवे, अगदी लहान. शेऱ्याचा रकाना मात्र त्यांनी खोडला नव्हता. तिथे त्यांच्या त्या प्रयोगशाळेतल्या नीटस अक्षरात प्रत्येक दिवसापुढे लिहिलेलं होतं. मागून खाल्लं. मागून खाल्लं. मागून खाल्लं, हसली. मागून खाल्लं. माझं नाव घेतलं.